हाकिमांना पाठ न दाखवणारी गाडी

"चार हात! मिस्त्री, रुंदी एवढीच मिळेल," पेशकारसाहेबांनी लाकडी तख्तावर काठी आपटली. "त्यातच वळण बसवा, सांधा बसवा. बहाणे नकोत."

पेशकार म्हणजे आमच्या भागातल्या जहागीरदारांचा कारभारी. दिवाणखाना एवढा, की जालना स्टेशनातली अख्खी मालगाडी आत मावून गार्डाला शतपावलीला जागा उरली असती! पण ती सगळी पाहुण्यांच्या बैठकीला. निजामी अमल होता. हैदराबादहून बडे हाकिम येणार होते. जहागीरदारांनी विलायतेहून चावीची खेळण्यातली रेल्वे आणवली होती, आणि तिने हाकिमांपुढे पानाचा डबा घेऊन यायचं होतं. मी खऱ्या रेल्वेत रूळ टाकणारा मिस्त्री, म्हणून मला धरून आणलं. लाकूडकामाला धावडा गावचा सखाराम सुतार. गाडी नीट चालली तर त्याला हवेलीत कायमची नोकरी आणि राहायला खोली. नाही चालली तर सहा लेकरं घेऊन पुन्हा गावोगाव.

इंजिनाला एका अंगाला तीन चाकं, ताठ चौकटीत ठोकलेली. त्याला मोठं वळण लागतं. तीन हात त्रिज्या तरी हवीच. सांधा म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर जायची जागा. तोही लांबट हवा. आठ बोटं पुढे जाताना एक बोट बाजूला सरकावं. त्याला आम्ही एकास आठ म्हणतो. त्या तख्तावर मावत होता एकास चार.

सखारामने सागाचं मोठं वळण आधीच कातून ठेवलं होतं. "मिस्त्री, बघा तर, मुंगी बी घसरून राह्यली!"

ते तख्ताबाहेर जात होतं. मी पेशकारांना म्हणालो, "मग सांधाच नको. कडेकडेनं गोल फिरू द्या. सावकाश सोडली तर निभेल."

"म्हणजे हुजुरांना पाठ दाखवून जाणार? इथं भले भले उलट्या पावली बाहेर जातात. तुमची गाडी कोण लागून गेली?"

"गाडीला पाठ कुठं असते, साहेब?"

"शेवटच्या डब्याला असते!"

म्हणजे गाडीने सलामीला यायचं आणि मागे सरकत सांध्यावरून निघून जायचं. अहो, डबे ओढले की सरळ येतात. ढकलले की तिरके होऊन अडतात. आखूड सांध्यावर तर हमखास. हे मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा पेशकारांनी स्टेशनमास्तरांचं नाव काढलं, आणि मी एकास चारचा सांधा ठोकायला घेतला. सागाचं वळण मुदपाकखान्यात गेलं. त्यावर बिर्याणी शिजली. मीही खाल्ली.

हाकिम आले. गाडी आली. पान उचललं गेलं. सखारामने उलटी कळ दाबली. मागचा डबा सांध्यावर तिरका होऊन अडला, इंजिन रेटतच राहिलं, आणि कलंडून नाकावर आदळलं ते थेट हाकिमांच्या मोजडीपाशी. आवाज असा, की औरंगाबादपर्यंत कबुतरं उडाली असतील! सखाराम पांढराफटक.

हाकिम खदखदून हसले. "वाह! इंजन ने भी कुर्निसात की!"

पेशकार लगेच कमरेत वाकले. "हुजूर, खास आपल्यासाठीच बसवलंय."

दुसऱ्या दिवशी हुकूम झाला: दर पाहुण्यापुढे गाडी बराबर अशीच पडली पाहिजे. सखारामला नोकरी कायम. खोली कायम. काम एकच, वळण आणि सांधा अजून आखडायचे.

"घेतोस?" मी विचारलं.

"बारा वर्षं दारं बराबर बसवली, मिस्त्री. कुणी खोली दिली न्हाई." त्याने कानस उचलली आणि सांध्याचा चांगला काठ खरवडायला घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

आता कुणी मला वळण केवढं ठेवावं असं विचारलं, की मी आधी विचारतो: गाडी चालवायचीय की पाडायचीय? पाडायची असेल तर नोकरी पक्की आहे.