शेपूट नसलेला निरोप

माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला मी सेमिनारमध्ये शून्य दिलं, आणि तेही तिचं उत्तर बरोबर असताना. मूर्खपणाची कबुली द्यायचीच तर अशी सरळ द्यावी.

तेव्हा मी शहाद्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पिन, हातात स्वतःच्या एमएस्सीच्या वह्या. वह्यांची पानं पिवळी पडली होती. मला वाटायचं, ज्ञान पिकलंय. तापीकाठच्या मोठ्या शेतीवाल्या घरची सून आणि वर मॅडम! नाक इतकं वर, की समोरचं पुस्तक दिसायचं नाही.

ती खापर गावची, शिंप्याची मुलगी. एसटीने यायची. त्या वर्षी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उन्हाळ्याचे दोन महिने काम करायला आमच्या विभागातून एकच नाव जाणार होतं, सेमिनारच्या गुणांवर. तिच्या अब्बांनी तिला सांगितलं होतं, पुण्याहून बोलावणं आलं तर पुढे शिक, नाहीतर दुकानात बस. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

तिने विषय घेतला हिस्टोनचा. म्हणाली, "डीएनए म्हणजे लांबलचक दोरा, मॅडम. हिस्टोन ही त्याची रिळं. पेशी नवा दोरा काढते तेव्हाच नवी रिळं लागतात, एरवी नाही." मग फळ्यावर तिने एम-आरएनए काढला, म्हणजे प्रोटीन बनवायचा निरोप. "बाकीच्या निरोपांना शेवटी ए-ए-ए अशी लांब शेपूट असते. या हिस्टोनच्या निरोपाला नसते. त्याच्या टोकाला नुसता एक वळसा असतो. एक प्रोटीन तो वळसा घट्ट धरतं आणि निरोप वाचून प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमला कामाला लावतं. दोरा पुरा झाला, की ते प्रोटीनही जातं आणि निरोपही पेशी मोडून टाकते."

माझ्या वहीत लिहिलेलं होतं: प्रत्येक एम-आरएनएला शेपूट असते. प्रत्येक! खाली दोन रेघा.

वर्गाला अहिराणीत हसवायची मला भारी खोड. मी म्हटलं, "शेपटी नई शे, ते मंग काय शिंगडा शेतस का?"

शेपूट नाही तर मग काय शिंगं आहेत, या विनोदावर बाकं वाजली. ती खडू हातात धरून उभी. "पुस्तकात आहे, मॅडम. आपल्याच लायब्ररीतल्या."

"कुठल्या? उंदरांनी खाल्लेल्या?"

पुन्हा हशा. लायब्ररी जिना उतरून वीस पावलांवर होती. मी नाही गेले. शून्य लिहिलं, सही केली, आणि पुण्याला दुसऱ्याचं नाव पाठवलं.

पुढच्या जूनमध्ये अभ्यासक्रम बदलला. वह्या कामाच्या राहिल्या नाहीत म्हणून नाइलाजाने मी लायब्ररीतलं ते जाड पुस्तक काढलं. हिस्टोनचं प्रकरण उघडलं. वळसा होता. तो धरणारं प्रोटीन होतं. तिने सांगितलेलं सगळं होतं, ओळीने. मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. छापलेलं बदलेल अशी काहीतरी आशा असावी.

रविवारी खापरला गेले. दुकान बाजारातच. ती पायरीवर बसून शर्टाची काजं करत होती. अब्बा मशीन थांबवून उठले. "बैठो मॅडम, चाय लो." त्यांना वाटलं, मॅडम ब्लाउज शिवायला टाकायला आल्यात.

मी पिशवीतून पुस्तक काढलं, पान उघडून तिच्यासमोर धरलं. म्हटलं, "बेटा, तुझं बरोबर होतं. मी आता वाचलं. चूक माझी झाली."

माफी मागताना माझा आवाज जरा भरून आला होता, आणि खरं सांगते, त्याचंही मला थोडं कौतुक वाटत होतं. वाटलं, आता ही रडेल, मी पाठीवर हात ठेवीन.

तिने पानाकडे पाहिलंही नाही. दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "मॅडम, हे मला नका सांगू, मला ते तेव्हाही माहीत होतं. ज्या वर्गाला हसवलंत ना, त्यांना सांगा."