जीप सोडली आणि ट्रेलर उलाळला

ट्रेलरचा दांडा माझ्या छातीपर्यंत वर आला होता आणि मी त्याला लोंबकळत होतो. आत मागच्या गादीवर माझी आई आणि माझी मुलगी बसल्या होत्या. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झालेले नाहीत.

“आई, हलू नकोस.”

“मी कुठं हलतीय? तुझी गाडी हलतीय.”

बायको धावत आली आणि तीही दांड्याला लोंबकळली. दोघांच्या वजनानं तो हळूहळू खाली आला. मग मुलगी पुढं सरकली, तिच्यामागून आई.

ही कालची संध्याकाळ, इंदापूरजवळ उजनीच्या काठची. सामान वाहायचा एक जुना ट्रेलर बारामतीत स्वस्तात मिळाला होता. तो मी घरच्यांच्या मुक्कामासाठी तयार केला. कच्च्या रस्त्यासाठी मोठी चाकं घातली, खालचे स्प्रिंगचे पाटे बदलले, वर तंबू बसवला. पण आमच्याकडं उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असतानाच भरतात. त्या सवयीनं मी फक्त पुढं स्टँड लावला. पाणी आणायला म्हणून जीप सोडली, आणि मागं टेकू नसल्यानं ट्रेलर उलाळला.

कुणाला खरचटलंही नाही. मागं दगड रचून आम्ही तिथंच जेवलो.

“पुढच्या खेपेला बैल आण, दांड्याला बांधायला,” आई म्हणाली.

मला वाटलं, आता ती घरी चला म्हणेल. तिनं गादी झटकली आणि आडवी झाली.

तुमच्यापैकी कुणी असा ट्रेलर बनवत असाल, तर मागंही दोन टेकू लावा. आणि पहिल्यांदा आत कुणाला बसवलंत, तेही सांगा.

आज सकाळी ऊन तंबूवर आलं तरी आई झोपलेलीच होती. आम्ही तिचा चहा झाकून ठेवला.