पांढरे ठिपके

"खोटं नाही सांगत हं मी," असं म्हणून ताई दोन बोटांनी डावी भुवई दाबायच्या. समोरच्याने खोटं म्हटलेलं नसायचंच.

बडोद्यात एमआरआय नवं होतं तेव्हा मी एका खासगी सेंटरमध्ये मशीन चालवायचे आणि त्या बाहेर काउंटर सांभाळायच्या. दर महिन्याला पाळीच्या आदल्या दिवशी त्यांचं डोकं उठायचं. आधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा, मग उलट्या. स्टोअरमध्ये दिवा बंद करून, खोक्यांवर कपाळ टेकून त्या उभ्या राहायच्या. तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल. आपण म्हणतो, नाटक. त्यांच्या घरीही तेच म्हणत.

"सासूबाई विचारतात, आम्हाला काय पाळी येत नव्हती?" हे त्या हसत सांगायच्या.

एका दुपारी मशीन रिकामं होतं. आमचे डॉक्टर म्हणाले, "चला, आज तुमचंच डोकं बघू."

पडद्यावर चित्रं उमटू लागली आणि मी पुढे सरकून बसले. मेंदूच्या आतल्या भागात तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके. एक, दोन... पाच.

"मायग्रेनमध्ये दिसतात असे," डॉक्टर त्यांना म्हणाले. "बहुतेकदा काही करत नाहीत. पण तुम्हाला त्या रेघा दिसतात, म्हणून गर्भनिरोधक गोळ्या आजपासून बंद. त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो."

त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. चेहरा खुलला. "म्हणजे होतं ना गं! हे बघ, इथे आहे!"

मला त्या आनंदाची भीती वाटली.

घरी त्यांच्या नवऱ्याने फिल्म पाहिली आणि म्हणाला, "ठिपके तर आहेत."

"गोळ्या थांबवल्या ना, ताई?" मी रोज विचारायचे.

"थांबवते गं. घट बसलेत घरात. एवढे नऊ दिवस पाळी नको, मग बंद."

आठव्या माळेला, सकाळी, पेशंटचं नाव लिहिताना त्यांच्या हातातून पेन गळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. शब्द आला नाही.

मशीन मीच चालवलं. या वेळी कणी नव्हती. मेंदूची डावी बाजू पांढरीफटक झाली होती.

बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याने मला विचारलं, "हिला त्रास कधीपासून होता?"

त्या वाचल्या. उजवा हात आणि बोलणं गेलं. भावाने त्यांना माहेरी, करजणला नेलं. मी भेटायला गेले, तेव्हा डाव्या हाताने माझी हनुवटी उचलून त्या कितीतरी वेळ माझे डोळे निरखत राहिल्या.

"माझं डोकं नाही हो दुखत, ताई," मी म्हटलं.

त्यांनी हात काढला नाही.