आबांची वाचायची खोली

आमचे इंग्रजीचे मास्तर म्हणायचे, नुसतं झाड लिहू नका, त्या झाडाखाली काय होतं तेही त्याच वाक्यात आणा. द ट्री अंडर विच वुई सिट! मला तर वेडच लागलं. शाळेसाठी जळगावात राहायचो, तिथे दिसेल त्या जागेला इन विच, ऑन विच, फ्रॉम विच लावत सुटलो. द वेल फ्रॉम विच, द ब्रिज ओव्हर विच, काही विचारू नका!

मग निबंध आला, 'माझं घर'. आणि मी अडकलोच. आमचं चोपड्याकडचं धाब्याचं घर म्हणजे एकच खोली. चूल तिथेच, झोपणं तिथेच, बैलही तिथेच. एकाच खोलीला किती इन विच लावणार? पोरं हसली असती. म्हणून मी खोल्या वाढवल्या. 'द रूम इन विच माय फादर रीड्स' हे तर इतकं झकास उतरलं की मास्तरांनी वर्गात वाचून दाखवलं.

आबांना अक्षर येत नाही.

त्याच आठवड्यात आबा जळगावला, सरकी काढायच्या जिनवर कापसाची गाडी घेऊन आले आणि मला भेटायला शाळेत आले. मास्तरांनी कौतुकानं त्यांना सगळा निबंध मराठीत सांगितला. वर म्हणाले, "भाऊ, अखाजीच्या सणाला बहिणीला माहेरी आणायला चोपड्याकडे येतोच आहे. तुमची वाचायची खोली बघून जाईन!"

आबा म्हणाले, "या ना, मास्तर."

बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "ती खोली कोठे शे रे?"

सुट्टीत घरी गेलो तर घराच्या मधोमध कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड उभा, शेणामातीनं लिंपलेला! बैल बाहेर उन्हात. आई म्हणाली, "तुनी इंग्रजीनी बैलले बाहेर काढं!" मला हसू आलं नाही. आबांनी हात पुसले, माझं पुस्तक उचललं आणि हळूच विचारलं, "कोनती बाजूकून धरू?"

"आबा, मी मास्तरांना खरं सांगतो."

"नको. मास्तरसमोर तू खोटा पडशी."

अखाजीला मास्तर आले. कुडाआड बसले. खोली बघून खूश. "काय वाचताय सध्या, भाऊ?"

आबांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "पोऱ्या वाचस, मी ऐकस."

"वा! वाच की मग."

मी आबांना कधी एक ओळसुद्धा वाचून दाखवली नव्हती. पान उघडलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागलो. आबा मांडी घालून, कान देऊन बसले होते.