अक्कांची चार सुतांची चूक

श्रीमती विमलताई पाटील, म्हणजे आपल्या सर्वांच्या अक्का, मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत एक पाय होता. पिंपळनेरला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारच्या धुळे गाडीने त्या उतरल्या, समोरच्या टपरीवर पत्ता विचारला आणि थेट माझ्या बाकड्यावर येऊन बसल्या. पिशवीतून त्यांनी एका जखमी जवानाचा गुडघ्याखालचा कृत्रिम पाय काढला. त्याची घोट्याजवळची पट्टी तुटली होती.

"हा जोडून देता का, मिस्तरी?"

"अक्का, माझं काम सायकलचं."

"मग सायकलच समजा. चाक एकच आहे, एवढंच."

येताना कंडक्टरने पिशवीकडे बघून "काय शे त्यात?" असं विचारलं होतं. अक्कांनी "पाय शे" म्हणताच तो म्हणाला, "मंग अर्धं तिकीट काढू का?" हा किस्सा सांगताना त्या स्वतःच खळखळून हसल्या. मी पट्टी जोडली, रिव्हेट मारला. पाय हातात घेऊन अक्कांनी रिव्हेटवरून पदराचा काठ फिरवला. एक धागा अडकला. "विजार फाटेल त्यांची," एवढंच म्हणून त्यांनी पाय परत माझ्यापुढे ठेवला. माझं काम परत करणारं गिऱ्हाईक तोवर मला भेटलं नव्हतं. मी कानस घेऊन रिव्हेट घासायला बसलो.

माझी शाळा आठवीत सुटली. कृत्रिम पाय करायला मला कोणी शिकवलं नाही. टाकून दिलेले पाय खोलून, पुन्हा जोडून मी शिकलो. हे मी अभिमानाने सांगतो. पण माणसाला उभं कसं करतात, हे मी अक्कांच्या मागे हिंडून शिकलो, हेही तेवढ्याच अभिमानाने सांगितलं पाहिजे.

अक्का धुळ्यातल्या देवपूरच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचे यजमान हवालदार. सीमेवरून ते उजवा हात गमावून परतले. पुढे ते गेले तोवरची सगळी वर्षं अक्कांनी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावली, ती सुद्धा अशी की आपण मदत घेतोय असं हवालदारांना कधी वाटू नये. जखमी जवानांसाठीच्या आपल्या मंडळाचं सगळं काम मला त्या बटणांतूनच निघालेलं दिसतं. जखमी जवानाच्या घरी पहिल्या भेटीला कागद न्यायचा नाही, हा अक्कांचा दंडक. पहिल्या भेटीत पाणी प्यायचं, भाकरी वाढली तर खायची, आणि जखमेबद्दल एक शब्द विचारायचा नाही. आम्ही पुरुष मंडळी ओट्यावर जवानाशी पीकपाण्याचं बोलत बसायचो. अक्का स्वयंपाकघरात जायच्या. "बाप्याचं दुखणं बाप्याला विचारू नये. बायकोला विचारावं, नाहीतर त्याच्या चपलेला," असं त्यांचं म्हणणं.

आणि पाय देताना फोटो काढायचा नाही. एकदा एक पुढारी माणसं घेऊन आले. जवानाची विजार वर करा, नवा पाय दिसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. अक्का शांतपणे म्हणाल्या, "काढा की फोटो. पण आधी साहेब, तुमची विजार गुडघ्यापर्यंत वर करा. मग त्यांची करू." फोटो निघाला नाही. चहा मात्र सगळ्यांना मिळाला.

दर गुरुवारी दुपारी अक्कांच्या ओट्यावर जवानांच्या बायका, आया जमतात. कुणाच्या पेन्शनचं पत्र इंग्रजीत आलेलं असतं, कुणाला नुसतं बोलायचं असतं. अक्का पत्र आधी मोठ्याने वाचतात, मग अर्थ सांगतात, आणि उत्तर त्या बाईकडूनच लिहून घेतात. अक्षर वेडंवाकडं असलं तरी चालतं. "सही तुझी, तर पत्रही तुझं," म्हणतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आपल्या मंडळात ‘अक्कांचे चार सूत’ हा विनोद सर्वांना पाठ आहे. अक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथाच्या संपादकांनीही मला फोनवर सांगितलं, "मिस्तरी, ती चार सुतांची गंमत लिहाच." लिहितो. पण ती जशी घडली तशी लिहितो.

चोपड्याजवळच्या एका गावात फौजेतले नाईक एकनाथभाऊ राहतात. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. घरची केळीची बाग. पण घरी आल्यापासून ते मागच्या खोलीतून बाहेर पडेनात. आधी मिळालेले दोन पाय लागले, बोचले, म्हणून माळ्यावर पडले होते. आम्ही तिसऱ्याचं माप घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी अक्कांना बजावलं, "हा शेवटचा. हाही टोचला तर माझ्या दारात येऊ नका."

मी माप घेतलं. एकनाथभाऊंना भिंतीपाशी उभं केलं, तुटलेल्या पायाखाली लाकडी ठोकळे रचले आणि जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आकडा तोच. माझं माप सुताने चुकत नाही, असं मी तेव्हा सगळीकडे सांगत असे. आठ सुतांचा एक इंच होतो, म्हणजे सूत किती बारीक ते समजावं. पाय तयार झाला, मी तो चढवून बघितला. विचारलं, "ठीक आहे ना?" ते म्हणाले, "ठीक शे, साहेब."

महिन्याभराने अक्का आणि मी अमळनेरमार्गे पुन्हा गेलो. पाय माळ्यावर होता.

मी ओट्यावर बसून राहिलो. अक्का नेहमीप्रमाणे आत गेल्या. चुलीपाशी एकनाथभाऊंच्या पत्नी रेखाताई भाकरी थापत होत्या. त्या काय म्हणाल्या ते मला बाहेर ऐकू आलं: "अक्का, तुम्ही उनात का ते ताठ उभा ऱ्हातस. तुम्ही गयात का भिताडले टेकतस."

अक्का बाहेर आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "आपण आलो की ते ताठ, गेलो की भिंतीला टेकून. मिस्तरी, तुम्ही त्यांना सावधानमध्ये मोजलंत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हातात टेप, कानाला पेन्सिल, पुढ्यात कागद, असा माणूस समोर आल्यावर फौजी कसा उभा राहणार? छाती पुढे, कंबर वर. तुटलेला पाय अर्धा इंच वर ओढला गेला होता, तीनही वेळा तितकाच. म्हणून तर आकडा तोच आला! आणि ‘ठीक आहे ना’ या प्रश्नाला फौजी दुसरं काय उत्तर देणार? "पाय चार सूत लांब झाला," मी अक्कांना हळूच म्हणालो. घरात सैल चालताना तो जमिनीला अडायचा, कंबर भरून यायची.

मी चूक कबूल करायला उठणार, तेवढ्यात अक्का मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "एकनाथभाऊ, घोटाळा माझा आहे. मिस्तरींनी माप बरोबर घेतलं होतं. मी कागदावर उतरवताना चार सूत जास्त लिहिले."

एकनाथभाऊ हसले. रेखाताई भाकरी तव्यावर ठेवून दारात आल्या, इतक्या दिवसांनी ते हसणं त्यांनी ऐकलं होतं. "मास्तरीण बाई, आणि गणित कच्चं?" ते म्हणाले. "काढा तो पाय माळ्यावरून. मिस्तरी, चार सूत कापून आणा."

परतीच्या गाडीत मी अक्कांना म्हणालो, "चूक माझी, तुम्ही का घेतलीत?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्यावरचा विश्वास उडाला तर माझा चहा जाईल. तुमच्यावरचा उडाला तर त्यांचा पाय जाईल."

चार सूत कापण्याआधी खात्रीसाठी दुसऱ्यांदा माप घेताना अक्कांनी माझ्याकडून टेप, पेन्सिल काढून घेतली. एकनाथभाऊंना केळीच्या घडांबद्दल विचारलं. ते फडताळावरची चहाची बशी घ्यायला उभे राहिले, सैल, घरच्यासारखे. तेवढ्यात मी वाकून ठोकळा लावला. अजूनही मी माप असंच घेतो.

तो विनोद पुढे मंडळभर झाला. अक्का हसत राहिल्या आणि इतकी वर्षं मीही त्यांच्याबरोबर हसलो. ते बरोबर नव्हतं. म्हणून हा लेख लिहायला बसण्याआधी मी चोपड्याला जाऊन आलो. एकनाथभाऊ बागेत पाणी सोडत होते. बांधावर उभं राहून त्यांना सांगितलं, "माप माझं चुकलं होतं. अक्कांचं नव्हे."

त्यांनी फावडं खाली ठेवलं. "मिस्तरी, ते माले तवयच समजनं व्हतं. अक्का चार सूत चुकतीन का? पन अक्कासनी सांगं, म्हनजे हुकूम शे."

तेव्हा या ग्रंथात नोंद असावी: चार सूत माझे. अक्कांना विचारून हे लिहिलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी लिहू दिलं नसतं.

पंचाहत्तरीत अक्कांचे गुडघे थोडे कुरकुरतात. मागच्या गुरुवारी त्या ओट्यावर पत्र वाचत उभ्या होत्या, सैल. मी त्यांच्या नकळत माप घेतलं आणि सागाची काठी केली. हात फिरवून बघितला, पदराचा धागा कुठे अडकणार नाही. लाकूड पंचवीस वर्षं तरी हलणार नाही असं निवडलं आहे. अक्कांनी ती रोज वापरावी, पायऱ्या चढाव्या, चोपड्यापर्यंत यावं. खालचं रबर झिजलं की मी बदलून देईन. ते वरचेवर झिजत राहो, एवढंच मागणं.