चाखायला मनाई

क्लबात वाढायचं काम करणारी आमची मावशी बावीस वर्षं कॅव्हिआर, म्हणजे माशाची खारवलेली अंडी, वाढते. पाहुण्यांचं चाखलं की नोकरी गेली, हा तिथला मुजोर नियम. परवा आचारी आजारी पडला, म्हणून खरेदीला तिलाच पिटाळलं. दुकानदाराने चार दाणे तिच्या पालथ्या हातावर ठेवले.

"चाखून घ्या, मावशी. नंतर परत घेणार नाही."

चाखलं तर नियम मोडतो, खराब नेलं तर खापर तिच्याच माथी. शेवटी डोळे मिटून तिने चाटलं.

"कसंय?"

"खारट. चांगलं असलं की कसं लागतं हो?"

"अहो, रोज वाढता ना?"

"वाढते. खाते कुठे?"

दुकानदाराने डबा बांधला आणि पावती फाडायला घेतली.

"मग माल चांगलाय, असं पावतीवर लिहा."

त्याने लिहिलं. तरी क्लबाच्या दारापर्यंत मावशीला कळेना, चाखल्याचं सांगावं की लपवावं.