कूलरच्या पात्याचा स्क्रू

एप्रिल लागला की वर्ध्याजवळच्या आमच्या सिंदी मेघेत घरोघरी कूलर बाहेर निघतात. मीही काढला. बटण दाबलं तर मोटार नुसतीच गुरगुरली, पंखा जागचा हलला नाही. मुलाला फोनवर सहज सांगितलं, तर तो पुण्याहून म्हणाला, "आई, कूलरशिवाय तिथला उन्हाळा कसा काढशील? मे संपेपर्यंत इकडे ये."

मला जायचं नव्हतं. तिकडे माझ्या हाताला काम नसतं, आणि मी नुसती बसलेली दिसले की सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. म्हणजे कूलर चालू होणं भाग होतं.

वर्ध्याच्या दुकानदाराला फोन लावला.

"काकू, बुश गेला असन, म्हनून दांडा फिरत नसन. मोटार आना, हातोहात टाकून देतो. पण पातं काढून आनजा. सीजन हाय, पाते काढत बसायले मले टाइम नाई."

पंख्याचं पातं मोटारीच्या दांड्यावर एका बारीक स्क्रूने आवळलेलं असतं. आमच्याकडचा स्क्रू निघूच नये अशी व्यवस्था होती. एका उन्हाळ्यात चालत्या कूलरचं पातं निसटून जाळीवर आदळलं होतं. तेव्हापासून आमचे हे त्या स्क्रूवर दोन ट्यूबांचा गोंद कालवून भरायचे आणि म्हणायचे, "आता निघून दाखव म्हना." ते गेले, गोंद तसाच राहिला.

मोटार पात्यासकट खोलून व्हरांड्यात पोत्यावर ठेवली. पेचकस लावला, तो घसरला. जोर केला, तर स्क्रूची खाच आणखी झिजली. हे काम खरं म्हणजे दोघांचं. एकाने पातं धरायचं, दुसऱ्याने पेचकस फिरवायचा. इतकी वर्षं धरायचं काम माझं होतं.

ठोकाठोक ऐकून शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावल्या.

"काऊन ठोकून राह्यल्या ताई, भरउन्हात?"

"कूलरचा स्क्रू निघून नाई राह्यला."

"संध्याकाळी आमच्या ह्यायले पाठवू का?" मग स्वतःच हसल्या. "पाठवून तरी काय फायदा म्हना! आमचाच कूलर अजून गच्चीवर पडला हाय."

"तुम्हीच या ना. जरा पातं धरा."

"भाजी गॅसवर हाय ताई. येतो मी मंग."

त्या काही आल्या नाहीत. मीही पुन्हा हाक मारली नाही.

खिळा सांडशीत धरून गॅसवर लाल केला आणि गोंदावर टेकवला. वास घाणेरडा सुटला, पण गोंद मऊ पडला. गोधडी शिवायच्या सुईने तो खाचेतून कोरून काढला. परत तापवला, परत कोरला. खाच दिसायला लागल्यावर पेचकस बसवून बत्त्याने वरून दोन ठोके दिले, म्हणजे टोक आत रुतलं. आता पातं कोण धरणार? खाली बसले, पात्यावर पोतं गुंडाळलं, ते दोन्ही तळपायांत दाबून धरलं आणि पेचकस दोन्ही हातांनी फिरवला. पहिल्यांदा तळहात सोलला. दुसऱ्यांदा कट् आवाज झाला. मला वाटलं, स्क्रू तुटला. पण तो फिरला होता.

मोटार घेऊन ऑटोने वर्ध्याला गेले, बुश टाकून आणला, नवा स्क्रू आवळला. गोंद लावला नाही. पुढच्या वर्षीही मलाच काढायचा आहे.

संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा कूलर चालू होता.

"कसला आवाज आहे गं?"

"कूलरचा. दुरुस्त झाला."

"कोणी केला?"

"मीच."

"मग तू येत नाहीस?"

"नाही."

"बरं झालं," तो पटकन म्हणाला. "म्हणजे, कूलर चालू झाला ते. मेमध्ये हिचे आईबाबा यायचं म्हणत होते. आता त्यांना कळवतो."

"कळव," मी म्हटलं. कूलरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून परत एकदा जोरात म्हणावं लागलं.